खारं तण फक्त किनाऱ्याचं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र ॲट्रिप्लेक्स या चाकवताच्या नात्यातल्या वनस्पतिगटातल्या वर्षायू (एका वर्षात आयुष्य संपवणाऱ्या) तणांना ‘मिठावर पोसलेली किनाऱ्यावरची झुडपं’ म्हणून लेखक मोकळे झाले आहेत, ते पटलं नाही.

ही तणं मीठ सोसतात, मागत नाहीत. ॲट्रिप्लेक्स पॅट्युला तर नांगरलेल्या शेतात आणि शेणखताच्या ढिगांवर खुशाल वाढते. अडचण वेगळीच आहे. दरवर्षी बियांपासून नव्याने सुरुवात करायची, तर माती उघडी लागते. गवत दाटलं की यांना थारा नाही. खारटपणा बाकीचे दावेदार परस्पर हटवतो, म्हणून भरतीच्या रेषेवर यांची चलती. तेच समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आटलेल्या तळ्यांच्या काठी किंवा अति पाण्याने क्षार वर आलेल्या शेतांतही घडतं. युरोपात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या रस्त्यांच्या कडा धरून प्रोस्ट्राटा आणि लिटोरॅलिस या मूळच्या किनाऱ्यावरच्या जाती आतवर सरकल्या. त्यांना वाट आपणच करून दिली!

कोवळ्या पानाची पाठ भिंगातून पाहावी. पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं ते म्हणजे इवलाले फुगे. पानातलं जादा मीठ त्यांत साठतं आणि ते वाळले की पांढरट पापुद्रा उरतो. चाकवताच्या पानावरही असं पीठ असतं, त्यामुळे दोघांत गल्लत होते; पण ॲट्रिप्लेक्सचं बी दोन चपट्या, बहुधा त्रिकोणी छदांमध्ये, म्हणजे पानासारख्या आवरणांमध्ये, मिटलेलं असतं.

‘दिसेल तिथे उपटा’ हा लेखातला सल्ला अगदीच चुकीचा नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात रोझिया या जातीवर वाढलेले तुडतुडे बीट आणि टोमॅटोवर पानं आखडवणारा विषाणू नेतात. ही जात मका-ज्वारीसारखी सी-४ गटातली, म्हणजे कडक उन्हातही कमी पाण्यात अन्न तयार करणारी, म्हणून ऐन उन्हाळ्यातही तग धरते. पण उपटायचं तर बी धरण्याआधी. अनेक जातींत एकाच झाडावर दोन प्रकारचं बी येतं : तपकिरी, मोठं बी लवकर रुजतं, काळं, टणक बी मातीत सुप्त पडून राहतं. बी पिकल्यावर यंत्र फिरवलं, तर तण निघतं आणि बी त्याच यंत्राबरोबर पुढच्या बांधापर्यंत जातं. लेखात याबद्दल अवाक्षर नाही.

आपला,
एक वाचक