पाऊण तास गेला कुठे?

मुंबई,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय सुध्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दलच्या शिव्या राखून ठेव, भेटशील तेव्हा दे. तब्येत ठीक, साखर आहे तिथेच आहे, हिचे गुडघे थंडीत कुरकुरतात. आता मुद्द्यावर येतो. घरी हे सांगितलं की "एकदा डॉक्टरांना दाखवून या" एवढंच ऐकायला मिळतं.

ऑक्टोबरात भुयारी मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि मी लोकल सोडली. हुतात्मा चौकात खाली उतरायचं, मरोळ नाक्याला वर यायचं. गारवा आहे, बसायला मिळतं, कुणाचं कोपर बरगडीत घुसत नाही. तक्रारीला जागा नाही. पण परवाचं ऐक. सीएसएमटी सोडल्यावर डोळे मिटले. झोपलो नव्हतो, आईशप्पथ. शेजारच्या बाईंच्या पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास येत होता. डोक्यात पेन्शनच्या कागदांचं दळण चालू. बराच वेळ झाला, वरळी तरी गेली असेल म्हणून पाहिलं, तर ग्रँट रोड! म्हणजे मधे फक्त काळबादेवी आणि गिरगाव. पुन्हा डोळे मिटले, जरासेच, आणि मरोळ नाका आलं. मधली अख्खी मुंबई गेली कुठे? सिद्धिविनायकाला हात जोडायचे राहिले, ते हिला सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

वर आलो तर मिट्ट काळोख. खाली उतरलो तेव्हा फोर्टातल्या इमारतींच्या माथ्यावर ऊन होतं. हल्ली सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, हे मलाही कळतं रे. पण लोकलच्या दारातून तो मावळताना दिसायचा. दादरला उजेड, माहीमला आभाळ तांबडं, वांद्र्याला झोपड्यांतले दिवे, अंधेरीला रात्र. इथे संध्याकाळच झाली नाही. जिन्यावर उभा राहून मी दोनदा घड्याळ पाहिलं. पाऊण तासच झाला होता, घड्याळाची काही चूक नव्हती.

आपली पैज आठवते? वांद्रे सुटलं की डोळे मिटून मिनिट मोजायचं, हरेल त्याने माहीमला उतरून चहा पाजायचा. दर वेळी तू जिंकायचास, कारण लबाडा, तू मोजायचासच नाहीस, खाडीच्या वासावर हात वर करायचास! त्या चहांचे पैसे अजून येणे आहेत. पण आता वाटतं, आपण सगळेच तसे जगत होतो. पार्ल्याला बिस्किटांचा वास आला की उठायचं, चर्चगेटला जाणारे पुढे सरकायचे. कारखाना २०१६ साली बंद झाला, तरी कित्येक महिने माझं नाक पार्ल्याला जागं व्हायचं. आता गाडी मिठी नदीच्या खालून जाते, धारावी आणि बीकेसीच्या मधे. डोक्यावरून नदी वाहतेय आणि आपल्याला पत्ता नाही. मी मुद्दाम कान देऊन बसलो. खिडकीत माझंच तोंड दिसत होतं, तेही वडिलांसारखं.

म्हणून तुझा तो गुहेतला फ्रेंच माणूस आठवला, मिशेल सिफ्र. १९६२ साली आल्प्समधल्या गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. बाहेर काढलं ती तारीख होती १४ सप्टेंबर, त्याच्या हिशेबात २० ऑगस्ट! दोन मिनिटं मोजायला सांगितली तर पाच लावायचा. यावरून कॅन्टीनमध्ये आपलं केवढं वाजलं होतं. तो प्रसिद्धीसाठी थापा मारत होता हे माझं मत, आणि अजूनही थोडं आहेच. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला, वाचलंस ना?

तर सुध्या, मला भीती गाडीची नाही. मे महिन्यात मी रिटायर होतोय. तूच वर्गात शिकवायचास ना, रिकामा वेळ जाता जात नाही, कारण सगळं लक्ष वेळेवरच असतं; आणि नंतर तोच आखूड वाटतो, कारण आठवायला काही नसतं. लोकलमधून मी घरी काही तरी घेऊन यायचो. चौथ्या सीटवरून झालेली मारामारी, भजनी मंडळाचा बेसूर ढोलकीवाला, मोबाइल खाडीत पडलेल्या गृहस्थाचा विलाप. ही भाकरी थापता थापता ऐकायची. आता विचारते, "आज काय?" आणि माझ्याकडे काहीच नसतं. सगळी वर्षंच अशी गेली तर? दुपार संपता संपायची नाही आणि दिवाळी झाली की लगेच दिवाळी. तू दोन वर्षं आधी सुटलास, खरं सांग, तुझं असंच होतं का? व्हॉट्सॲपवर सुविचार पाठवलास तर ब्लॉक करीन.

तुझ्या मोतीबिंदूचं कळलं, छान झालं. वहिनींचा पुरणाच्या पोळ्यांचा धंदा जोरात आहे म्हणे. सवलत मिळेल का? मनूला नोकरी लागली की नाही ते कुणीच धड सांगत नाही.

जानेवारीत लग्नाला येशीलच, तेव्हा एक दिवस जास्त राहा. आपण आरे ते कफ परेड जाऊ, घड्याळं आणि फोन हिच्याकडे ठेवून. मधे वाटेल तिथे मी विचारीन, किती वेळ झाला. या वेळी तुला खाडी मिळणार नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. : माझी छत्री तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, दिवाळीच्या फोटोत तुझ्या दारामागे दिसली.