जाड रेकॉर्ड आहे, पण टेप कोणती?

महोदय,

अमेरिकी सोल गायक ओटिस रेडिंगच्या ‘ओटिस ब्लू’ या अल्बमच्या नव्या ऑडिओफाइल, म्हणजे ध्वनीच्या दर्जाबाबत चोखंदळ श्रोत्यांसाठीच्या, आवृत्तीवर आपण लेख छापलात, याचा मनापासून आनंद झाला. सोल संगीतावर मराठीत फार थोडं लिहिलं जातं. पण लेखाचा निम्मा भाग रेकॉर्डच्या १८० ग्रॅम वजनात आणि जाड कव्हरात गेला, हे खटकलं. रेकॉर्ड जाड झाली म्हणून आवाज साठवणारी खाच जास्त खोल होत नाही. ती खाच ध्वनिमुद्रणाच्या कोणत्या टेपवरून, किती वेगासाठी आणि कुणी कापली, यावर सगळं ठरतं.

हा अल्बम जवळजवळ सगळा ९ आणि १० जुलै १९६५ या दोन दिवसांत मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. ती जागा पूर्वी सिनेमागृह होती, जमिनीचा उतारही तसाच राहिला होता. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचे इंजिनिअर टॉम डाउड ध्वनिमुद्रणाला होते. मध्ये वादक रात्री आपापले कार्यक्रम वाजवून परत आले. रेडिंग तेव्हा २३ वर्षांचा होता आणि जेमतेम अडीच वर्षांनी विमान अपघातात गेला. अशा गायकाच्या टेपबद्दल काटेकोर असायलाच हवं.

मी गाणं शिकवते, त्यामुळे माझा कान आधी श्वासाकडे जातो. ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’मध्ये तो जवळजवळ पुटपुटत सुरुवात करतो, मग ब्रास (पितळी फुंकवाद्यांचा ताफा) पायरी पायरीने चढतो आणि आवाज त्याच्याबरोबर फाटेपर्यंत वर जातो. आणि नेमकं हेच गाणं पहिल्या बाजूचं शेवटचं, म्हणजे मधल्या लेबलच्या अगदी जवळ! मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या १२ इंची रेकॉर्डवर काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला २१च्या आसपास. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबला जातो. ‘स’कार तिथे चरचरतो, वरचा स्वर खरखरतो. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, दोन रेकॉर्ड्सच्या आवृत्तीत त्याच आवाजाला जास्त लांब खाच मिळते, तिचा खरा फायदा इथे कळतो. त्यासाठी दर दोन-तीन गाण्यांनंतर उठून बाजू बदलावी लागली तरी मला चालेल.

आवृत्ती मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत) की स्टिरिओ (डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांत), हेही लेखात नाही. या गाण्याचं मूळ मोनो ध्वनिमुद्रण आधी सिंगल म्हणून आलं होतं. स्टिरिओ अल्बमसाठी ते पुन्हा गायलं गेलं. म्हणजे घेणाऱ्याला दोन वेगळ्या गायकींतून एक निवडायची असते. मला मोनोतली जास्त आवडते, तिथे आवाज आणि ब्रास एकाच जागी उभे राहतात.

टेपबद्दल काटेकोर का असावं, याचं उदाहरण आहे: २०२२ मध्ये अशाच ऑडिओफाइल रेकॉर्ड्स काढणाऱ्या मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या अनेक रेकॉर्ड्स डिजिटल टप्प्यातून आल्याचं उघड झालं. ग्राहक त्या पूर्ण अ‍ॅनालॉग, म्हणजे मध्ये संगणकी रूपांतर न करता थेट टेपवरून कापलेल्या, समजून घेत होते. प्रकरण कोर्टात गेलं. मला स्वतःला डिजिटल टप्प्याचं वावडं नाही, पण तो कव्हरवर लिहिलेला हवा.

तेव्हा विनंती अशी की, यापुढे अशा आवृत्तीवर लिहिताना मूळ टेप, मोनो-स्टिरिओ, वेग आणि खाच कापणाऱ्या इंजिनिअरचं नाव जरूर द्यावं. ते नाव अनेकदा लेबलशेजारच्या कोऱ्या पट्ट्यात आद्याक्षरांत कोरलेलंही असतं. परीक्षकाने तेवढं रेकॉर्ड तिरकी धरून पाहावं.

– आपली एक नियमित वाचक