उधळपट्टीचा शिक्का आणि गंधर्व मंडळीचा हिशेब

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील बालगंधर्वांवरच्या लेखात ‘शालू आणि अत्तरांपायी कंपनी बुडाली’ असे विधान आहे. वाचायला चटकदार आहे, पण नाटक कंपनीचा जमाखर्च असा एका ओळीत मिटत नाही.

गंधर्व नाटक मंडळी जुलै 1913 मध्ये निघाली ती तिघांच्या भागीदारीत: नारायणराव राजहंस (म्हणजे स्त्रीभूमिका करणारे गायक-नट बालगंधर्व), गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. तालमींना गोविंद बल्लाळ देवल. 1915 मध्ये टेंबे बाहेर पडले, 1916 मध्ये देवल वारले, पुढे बोडसही गेले. 1921 मध्ये नारायणराव एकटे मालक झाले, ते कर्जासकट. मालक, नायिका आणि ज्याच्या नावावर तिकीट खपते तो, हे सगळे एकच माणूस! खरी गोम इथे आहे.

फिरत्या कंपनीचे बिऱ्हाड खेळ होवो न होवो, रोज जेवते. नटांचे पगार, आचारी, थिएटरचे भाडे, पडदे-पेटारे रेल्वेने हलवण्याचा खर्च, यांतले काहीच थांबत नाही. उत्पन्न मात्र आठवड्यातल्या मोजक्या रात्रींचे. मुख्य गळा बसला की खेळ रद्द, तिकिटांचे पैसे परत. बदली नट उभा करावा, तर पदांच्या चाली आणि पट्टी त्या एकाच गळ्यासाठी बसवलेली, आणि प्रेक्षकही त्याच गळ्यासाठी आलेला.

वन्समोअरचे गणितही असेच उलटे. एक पद तीनदा झाले तरी तिकीट एकदाच फाटते. खेळ पहाटेपर्यंत लांबतो, दिवे जळत राहतात आणि दुसऱ्या रात्रीसाठी गळा थकतो. त्यात साथीला तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखी माणसे पदरी. याला उधळपट्टी म्हणायला आमची जीभ रेटत नाही, कारण कंपनी विकत होती ती हीच गोष्ट.

उधळपट्टी नव्हतीच, असे मात्र नाही. 1920 च्या ‘द्रौपदी’ नाटकाच्या सजावटीवर झालेला खर्च कोणत्याही व्यवस्थापकाने अडवायला हवा होता. 1919 च्या ‘एकच प्याला’त हीच नायिका ठिगळांच्या लुगड्यात उभी राहिली आणि लोकांनी तीही डोक्यावर घेतली. म्हणजे भरजरी वस्त्रांवाचून नाटक चालते, हे मंडळीलाच आधी कळायला हवे होते. पण अडवणारे कोणी उरलेच नव्हते!

लेखात एक महत्त्वाची गोष्ट सुटली आहे. 1921 चे ते कर्ज नारायणरावांनी सुमारे सात वर्षांत खेळ करूनच फेडले. मंडळीचा कणा मोडला तो त्यानंतर. 1932 मध्ये मराठी बोलपट आला आणि थिएटरवाल्याला बिऱ्हाड, वन्समोअर, बसलेला गळा यांची कटकट नसलेला खेळ मिळाला, तोही दिवसातून अनेकदा दाखवता येणारा. अत्तर वाचवून त्याच्याशी बरोबरी झाली नसती. 1935 मध्ये ‘प्रभात’ कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात एकनाथांच्या भूमिकेत खुद्द नारायणरावच पडद्यावर दिसले.

जाता जाता: ‘मानापमान’ नाटक गंधर्व मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले, असे छायाचित्राखाली छापले आहे. तो मान किर्लोस्कर नाटक मंडळीचा. पहिला प्रयोग 12 मार्च 1911 चा, गंधर्व मंडळी निघण्याच्या दोन वर्षे आधीचा. कृपया दुरुस्ती छापावी.

– संगीत नाटकांचे दोन व्यवस्थापक, पुणे