सुई ओवायला सान्वी येतेय

ती. आई-बाबा,
सा. न.

सान्वीचा शनिवारचा अबॅकसचा क्लास बंद केलाय. भरलेले पैसे गेले. बाबा, त्यावर काही बोलू नका. आता दर शनिवारी सकाळीच नेरूळहून निघू आणि दिवसभर नौपाड्यात तुमच्याकडे राहू.

कारण सांगतो. आई, तुझी गोधडी पोचली त्या रात्री सान्वीला विचारलं, "कोणी दिली गं ही?" म्हणाली, "डिलिव्हरीवाल्या काकांनी. मी थँक्यू पण म्हटलं." वाईट वाटून घेऊ नकोस. तिने पाहिले ते काकाच. तुझा धावदोरा, सुई ओवून घ्यायला शेजारच्या पोराला मारलेली हाक, यातलं तिने काहीच पाहिलेलं नाही. चूक आमची. नेरूळला घर घेताना म्हणालो होतो, लोकल आहे, येत जाऊ. आलो किती वेळा, ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत.

थँक्यू म्हणायला शिकवलं की ती म्हणते. पण आपल्यासाठी कोणी हात झिजवले, हे पाच वर्षांच्या पोरीला पाहिल्याशिवाय कसं कळणार? मलाच किती उशिरा कळलं. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, तेव्हा बाबा, तुम्ही मला मुद्दाम तिच्यातून फिरवून आणलंत. खिडकी माझी. तुम्ही रात्रपाळी करून आला होतात, दांडीला धरून उभ्या उभ्या पेंगत होतात. परवा त्याच गाडीत सान्वीला खिडकीशी बसवताना ते आठवलं आणि घशात दाटून आलं.

तुमची दुपारची झोप मोडणार नाही. आई, स्वयंपाकाचा घाट घालू नकोस. पोळी-भाजी नेहा बांधून देईल, तू फक्त वरण-भात लाव. तुझ्या वरणाची सर आमच्याकडे येत नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचाय, त्यासाठी बुधवारी माणूस येईल. नको म्हणून परत पाठवू नका.

आता ऐका. तिला कामं सांगा. सुई ओवू दे, मटार सोलू दे. जांभळी नाक्यावर भाजी घेताना कोथिंबिरीची जुडी तिच्या हातात द्या. सांडलं तरी चालेल. बाबा, तिला कडेवर घ्यायचं नाही आणि आम्हाला घ्यायला स्टेशनचे जिने चढायचे नाहीत.

आणि आई, गुडघा दुखला की "काही नाही गं बाळा" म्हणू नकोस. "दुखतंय" म्हण. समोरच्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं, हे या वयात मुलांना नुकतं उमगायला लागतं. तू लपवलंस तर ती ओळखणार कशी? मलाही तुझ्या ऑपरेशनचं तारीख ठरल्यावरच कळलं होतं.

सान्वीला बाहुलीसाठी गोधडी हवीय. उरलेल्या साड्यांचं गाठोडं माळ्यावर आहे ना? स्टुलावर चढू नकोस. मी आल्यावर काढतो.

तुमचा,
मन्या