हरवलेले पार्सल शोधायचे तर आधी 'शेवटची नोंद' वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्पीड पोस्टाने पाठवलेले पार्सल वेळेवर पोहोचले नाही, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. रोज ट्रॅकिंग उघडून बघत महिना घालवतात, नाही तर पार्सल जिथे दिले त्या पोस्टाच्या काउंटरवर जाऊन भांडतात. यातल्या कशानेही पार्सल सापडत नाही, कारण काउंटरवरून ते त्याच दिवशी निघून गेलेले असते. पार्सल शेवटचे कुठे स्कॅन झाले आणि तिथून ते कोणाच्या ताब्यात जायला हवे होते, हे आधी ठरवावे आणि नेमक्या त्याच ठिकाणाविषयी लेखी विचारणा करावी. ही विचारणा पहिल्या आठ-दहा दिवसांत झाली तर उपयोग होतो. नंतर तिथल्या लोकांना काही आठवत नाही आणि सीसीटीव्हीचे चित्रणही पुसले जाते.

सगळ्याचा पाया म्हणजे पावती. तिच्यावरचा क्रमांक तेरा खुणांचा असतो : सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी 'आयएन'. स्पीड पोस्टाचा क्रमांक 'ई'ने सुरू होतो. नऊ अंकांतला शेवटचा हा आधीच्या आठ अंकांवरून काढलेला तपासणीचा अंक असतो. त्यामुळे एखादा आकडा चुकीचा टाकला तर बहुधा माहितीच मिळत नाही आणि पार्सल गायब झाल्याचा उगाच समज होतो. पावती पुसट होते, म्हणून घरी येताच तिचा फोटो काढावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खिडकी सोडण्यापूर्वी पावतीवर छापलेला पिनकोड वाचावा. पार्सलची विभागणी पिनकोडवरून होते. आपण पत्ता कितीही सुवाच्य लिहिला तरी काउंटरवर ४१५ ऐवजी ४१६ टाइप झाले, तर साताऱ्याचे पार्सल कोल्हापूरच्या वाटेला लागते. पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे पोस्ट. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने घडवली. एकाच नावाची अनेक गावे असलेल्या देशात ती हवीच होती. वडगाव आणि पिंपळगाव आपल्याकडे किती आहेत, हे कोणाला सांगायला नको.

आता ट्रॅकिंगमधली शेवटची नोंद. 'बुक्ड' एवढेच दिसत असेल आणि दोन कामाचे दिवस उलटले असतील, तरच बुकिंगच्या पोस्टात जाण्यात अर्थ आहे. 'बॅग्ड' किंवा 'डिस्पॅच्ड' दिसत असेल तर पार्सल बॅगेत बंद आहे. बॅगेला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि ती उघडेपर्यंत आतल्या वस्तूंचे स्कॅन होत नाही. त्यामुळे दोन-तीन दिवसांची शांतता काळजीची नाही. मात्र पुढच्या केंद्रावर 'रिसीव्ह्ड' आलेच नाही, तर एक तर बॅग भलत्या गाडीने गेली, किंवा बॅग पोहोचली पण पार्सल आत नव्हते, किंवा पार्सल आले आणि बारकोड वाचला गेला नाही. तक्रारीत या दोन केंद्रांची नावे आणि शेवटच्या नोंदीची तारीख-वेळ लिहावी. 'माझे पार्सल मिळाले नाही' एवढ्याच ओळीला 'चौकशी सुरू आहे' एवढेच उत्तर येते. 'अमुक तारखेला पुण्याहून निघालेली बॅग नागपूरला कोणत्या क्रमांकाने उघडली आणि तिच्यात हे पार्सल होते का' असे विचारले, तर कोणाला तरी नोंद काढून बघावी लागते.

वाटप करणाऱ्या पोस्टात पार्सल पोहोचले असेल तर काम सोपे आहे, पण वेळ कमी असतो. 'दार बंद', 'पत्ता अपुरा', 'प्राप्तकर्ता गैरहजर' असा शेरा पडल्यावर पार्सल साधारण सात दिवस ठेवून पाठवणाऱ्याकडे परत जाते. अशा वेळी पत्त्यावरच्या माणसानेच ओळखपत्र घेऊन त्या पोस्टात जावे, आणि सकाळी जावे. पोस्टमन बीटवर, म्हणजे वाटपाच्या फेरीवर, निघण्याआधी समोरासमोर भेट होते आणि अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

सर्वांत त्रासदायक नोंद म्हणजे 'डिलिव्हर्ड', पण हातात काहीच नाही. आधी घरची माणसे, शेजारी आणि सोसायटीचा वॉचमन यांना विचारून घ्यावे. साधे स्पीड पोस्ट पत्त्यावर दिले जाते. त्या घरात जो भेटेल तो सही करून ते घेऊ शकतो, हे अनेकांना माहीत नसते. तिथे उलगडा झाला नाही तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी पोस्टमास्तरांना लेखी अर्ज देऊन वाटपाच्या नोंदीवरची सही दाखवण्याची मागणी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी बोलणे कितीही सौजन्याने झाले तरी त्याची नोंद उरत नाही.

फाटलेले किंवा हलके झालेले पार्सल आले तर दारात सही करू नये. पोस्टात 'ओपन डिलिव्हरी' मागावी. पोस्टमास्तरांसमोर पार्सल उघडून आतल्या वस्तूंची यादी होते. पावतीवर बुकिंगच्या वेळचे वजन ग्रॅममध्ये असते. तेथेच पुन्हा वजन करून फरक कागदावर आणावा. दाव्यासाठी याहून भक्कम पुरावा नाही.

तक्रार खात्याच्या संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावर नोंदवता येते. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. उत्तर न देता तक्रार बंद केली तर विभागाच्या अधीक्षक किंवा प्रवर अधीक्षक डाकघर यांना लेखी कळवावे. त्यानंतर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर जावे. तिथे निपटाऱ्याची मुदत आता २१ दिवस आहे आणि निकाल पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येते. दर तिमाहीला डाक अदालत, म्हणजे खात्याने तक्रारी ऐकण्यासाठी घेतलेली बैठकही भरते, मात्र आधी केलेल्या तक्रारीचा पुरावा तिथे लागतो. तरीही दाद लागली नाही तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात बॅगेचा क्रमांक, बॅगेतल्या वस्तूंची यादी आणि वाटपाच्या नोंदीची प्रत मागावी. कारणे विचारू नयेत, कागद मागावेत.

भरपाईबाबत मोठा गैरसमज आहे. जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ च्या कलम १० नुसार खात्याची जबाबदारी नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच असते. जुन्या १८९८ च्या कायद्यातही तत्त्व हेच होते. स्पीड पोस्टाची वस्तू हरवल्यास शुल्काची दुप्पट रक्कम किंवा १००० रुपये, यांपैकी जी कमी ती, असा नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे. म्हणजे ६० रुपये शुल्क भरून आठ हजारांचा मोबाइल पाठवला आणि तो गेला, तर हाती १२० रुपये येतात. हा नियम मला अन्याय्य वाटतो, पण तो माहीत असायलाच हवा, कारण त्यावरचा उपाय बुकिंगच्या वेळीच करावा लागतो. किमती वस्तूचा विमा काढावा आणि तिचे बिल व पॅकिंगचे फोटो ठेवावेत. रोकड व दागिने विम्याशिवाय कधीच पाठवू नयेत.

१ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. जुन्या सवयीने 'रजिस्टर करा' म्हणणाऱ्यांना हे लक्षात येत नाही, की फक्त पत्त्यावरील व्यक्तीच्याच किंवा तिने नेमलेल्या माणसाच्या हाती वस्तू पडावी असे वाटत असेल तर 'रजिस्ट्रेशन' ही जोडसेवा वेगळी मागावी लागते. तिला ५ रुपये आणि जीएसटी पडतो. ओटीपी सांगितल्यावरच वाटप ही सेवाही तेवढ्याच पैशांत मिळते. मूळ प्रमाणपत्रे किंवा जमिनीची कागदपत्रे पाठवणाऱ्याने या दहा रुपयांत कंजुषी करू नये.

परदेशी फराळ पाठवणाऱ्यांसाठी : देशाबाहेर पडल्यावरही तोच तेरा खुणांचा क्रमांक त्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर चालतो आणि अनेकदा तिथे अधिक ताजी माहिती असते. कस्टमच्या अर्जावर 'फूड' एवढेच लिहिले तर डबा अडकतो. चकली, शंकरपाळे, बेसन लाडू असे वेगवेगळे नाव, वजन आणि किंमत लिहावी. दूध-तुपाच्या पदार्थांवर अनेक देशांत निर्बंध आहेत, ते आधी पाहावेत. चौकशी पाठवणाऱ्याने भारतातूनच सुरू करायची असते आणि पार्सल दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

खासगी कुरिअरची पावती उलटून वाचा. भरपाईची मर्यादा तिथे बारीक अक्षरांत असते आणि सही केलेली अशी अट बांधील ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात १९९६ मध्ये म्हटले आहे. ऑनलाइन खरेदीत मात्र कुरिअरच्या मागे लागू नका, विक्रेत्याला आणि खरेदीच्या मंचाला धरा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मंचाने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यायचे आहे. पुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो.

पार्सलची वाट पाहणाऱ्यांवर भामट्यांची नजर असते. 'तुमचे पार्सल गोदामात आहे, पत्ता अपुरा आहे, या लिंकवर दुरुस्त करा' असे टपाल खात्याच्या नावाने येणारे संदेश बनावट असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले आहे. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

आणखी एक, ज्यावर काही खर्च नाही. पार्सलच्या आत दोन्ही पत्ते आणि मोबाइल क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी ठेवावी. ओल्या पावसाळ्यात वरचे लेबल सुटते आणि बिनपत्त्याचे पार्सल रिटर्न्ड लेटर ऑफिसकडे जाते. तिथे ते उघडून आत पत्ता शोधतात. आत चिठ्ठी सापडली तर पार्सल मालकाकडे जाते, नाही तर तिथेच पडून राहते. बारकोडवर चिकटपट्टीची सुरकुती पडू देऊ नये, स्कॅनर असा बारकोड वाचत नाही.

टपाल खात्याकडे एक मागणी. तक्रार कोणाकडे करायची, भरपाई किती मिळते आणि रजिस्ट्रेशन व ओटीपी या जोडसेवा कोणत्या, हे सांगणारा मराठी फलक महाराष्ट्र आणि गोव्यातील प्रत्येक पोस्टात बुकिंगच्या खिडकीशेजारी लावावा. ग्राहकाने पैसे भरण्यापूर्वी वाचता येईल अशा उंचीवर आणि अशा अक्षरांत तो असावा.

आपला,
एक निवृत्त डाक सहायक, सातारा