अंगणवाडीतल्या मुलांना बाईंचा वेळ मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बेळगावात धरणे धरतात आणि दुसऱ्या दिवशी ‘मानधनवाढीसाठी आंदोलन’ एवढीच बातमी छापून येते. मी खानापूर तालुक्यातील एका गावात सेविका आहे. मानधन वाढायला हवे, यात शंकाच नाही. परंतु त्याच धरण्यात आम्ही मुलांविषयी जे पोटतिडकीने बोलतो ते वाचकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. गावातलीच एखादी बाई दिवसातले काही तास सेवाभावाने देईल, असे त्या वेळी धरले गेले आणि तिला पगाराऐवजी मानधन ठरले. पुढे पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरणाला मदत, गरोदर आणि बाळंत महिलांची नोंद, त्यावर वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे अशी कामे चढत गेली, पण ते जुने गृहीत कोणी बदलले नाही. आज केंद्र साडेनऊला उघडते आणि चारला बंद होते. घरभेटी आणि रजिस्टरे त्यानंतरची.

या वेळेतला मुलांच्या वाट्याचा भाग किती उरतो, ते शिधावाटपाच्या दिवशी येऊन पाहावे. अंगणवाडीच्या नोंदी भरायचे पोषण ट्रॅकर हे ॲप 2021 पासून आहे, आणि 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा शिधा देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख फोनवर पटवणे सक्तीचे झाले आहे. त्याआधी आधारची पडताळणी व्हावी लागते. आमच्या भागातले पुष्कळ पुरुष कामासाठी गोव्यात असतात आणि आधारला जोडलेला नंबर बहुतेक घरांत त्यांचाच असतो. बाळाला कडेवर घेऊन आलेली आई नवऱ्याला फोन लावते, तो कामावर असल्याने उचलत नाही, उचलून त्याने आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत रेंजच नसते, तेव्हा सेविका फोन वर धरून अंगणभर फिरते. मदतनीस आत स्वयंपाकात अडकलेली असते. वीस-बावीस मुले भिंतीला टेकून बसलेली असतात आणि त्यांच्याकडे बघायला त्या वेळी कोणीही नसते. चोरी आणि गळती थांबावी हे आम्हालाही हवे आहे. पण नोंदीसाठी वेगळा माणूस किंवा वेगळा दिवस देणे सरकारला अशक्य आहे, असे मला वाटत नाही.

हा वेळ गेल्याने नेमके काय जाते, तेही सांगते. माझ्या केंद्रात एक मुलगी कित्येक दिवस तोंडातून शब्द काढत नव्हती. तिच्यापुढे चिंचोके ठेवून रोज थोडा वेळ नुसते शेजारी बसत गेले. ती आधी रंगाप्रमाणे वेगळे करू लागली, मग माझ्यामागून मोजू लागली आणि एके दिवशी पाचपर्यंत एकटीच म्हणाली. हे काम ॲपमध्ये कुठेही भरता येत नाही, आणि घाईत होत नाही. आमच्याकडे घरात मराठी किंवा कोकणी बोलणारी मुले येतात, तर रजिस्टरे आणि प्रशिक्षण कन्नडमध्ये असते. आम्ही कन्नड शिकलो आहोत, लिहितोही. तीन वर्षांच्या मुलाशी मात्र त्याच्या घरच्याच भाषेत बोलावे लागते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या वयात मातृभाषेवर भर दिला आहे. सीमाभागातील केंद्रांना गोष्टींची पुस्तके आणि तक्ते मराठीतही मिळावेत, इतकी साधी अपेक्षा आहे.

तीन वर्षांखालच्या मुलांची स्थिती याहून बिकट आहे. निपाणीत तंबाखूच्या आणि विडीच्या कामाला जाणाऱ्या, उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांत राबणाऱ्या, हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या आयांनी तान्हे मूल ठेवायचे कुठे? बहुधा आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण शाळा बुडवून ते सांभाळते. राज्य सरकारने ग्रामपंचायतींमार्फत ‘कूसिन मने’ ही पाळणाघरे सुरू केली, हे पाऊल मनापासून स्वागत करावे असेच आहे. मात्र तिथल्या महिला रोजगार हमीच्या जॉबकार्डधारकांतून नेमल्या जातात आणि त्या कामाला दिवसांची मर्यादा असते, म्हणून ठरावीक काळाने बाई बदलते. दीड वर्षाचे मूल एकीला ओळखू लागते, तिच्या हातून जेवू लागते, आणि मग दुसरी येते. पाळणाघरात कायम टिकणारी, प्रशिक्षित आणि पुरेसा पगार घेणारी बाई हवी, ती यासाठी.

इथेच मानधनाचा प्रश्न मुलांच्या प्रश्नाला येऊन मिळतो. केंद्र सरकारने 2018 मध्ये मानधनातला आपला वाटा सेविकेसाठी 3,000 वरून 4,500 आणि मदतनीससाठी 1,500 वरून 2,250 रुपये केला. त्यावरची भर राज्य घालते. 2023 च्या विधानसभा निवडणुकीत सेविकांना 15,000 रुपयांचे आश्वासन मिळाले होते. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकांना 1,000 आणि मदतनीसांना 750 रुपये वाढवून मिळाले. एवढ्या पैशांत घर चालत नाही म्हणून मदतनीस काम सोडते, जागा रिकामी राहते आणि एकटी सेविका चूल आणि वर्ग दोन्ही ओढते. सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी सेविका व मदतनीसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू असल्याचा निर्णय दिला, तेव्हा आमचे काम हे काम आहे हे निदान एका ठिकाणी मान्य झाले. किमान वेतन आणि निवृत्तिवेतन यांबाबतही तोच न्याय लावावा.

महिला व बालकल्याण खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर या बेळगाव ग्रामीणच्याच आमदार आहेत. आमच्या वाड्या, रस्ते आणि पाऊस त्यांना नव्याने सांगायला नको. त्यांना आणि जिल्ह्यातील सर्व आमदारांना माझी विनंती आहे की, येत्या अधिवेशनात तालुकावार माहिती सभागृहापुढे ठेवावी: किती केंद्रांत मदतनीसची जागा रिकामी आहे, किती केंद्रे भाड्याच्या खोलीत भरतात, अंड्यांचे आणि गॅसचे पैसे सेविकांच्या हातात किती दिवसांनी पडतात आणि किती कूसिन मने वर्षभर उघडी राहतात. ती माहिती आपल्या वर्तमानपत्राने गावांच्या नावांसह छापावी.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
ता. खानापूर, जि. बेळगाव