हरिहरेश्वरच्या खडकांवरच्या त्या माणसांना

गेल्या रविवारी हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर माझा पाय मुरगळला. तेव्हा धावून आलेल्यांची नावं विचारायचीही शुद्ध नव्हती, म्हणून हे जाहीर आभार.

कपारीतल्या पायऱ्या उतरून, लाटांनी मधमाशांच्या पोळ्यासारखे पोखरलेले कातळ बघत आम्ही चाललो होतो. पायात ट्रेकिंगचे महागडे बूट. शेवाळावर त्यांचा काडीचा उपयोग नाही! घसरलो, आणि घोटा टम्म फुगला. तेवढ्यात कालवं काढून परतणाऱ्या दोन मावशी आल्या. एकीने डोक्यावरची चुंबळ सोडून त्याच फडक्याने पाय घट्ट आवळला. फडक्याला खाऱ्या पाण्याचा वास होता. दुसरीने विचारलं, "आज तिथी कोणती, ठावं हाय?"

नव्हतं. तृतीया होती. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे सव्वादोन. साधारण तेव्हा पूर्ण भरती. आम्ही उतरलो होतो अकराला, म्हणजे पाणी चढत असताना. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे उधाणाचा जोर अजून होताच. मोबाइलमध्ये हवामान पाहिलं होतं, भरती-ओहोटी नाही.

मावशींनी हाक मारल्यावर वरून शहाळीवाले दादा आले. त्यांनी मला पाठुंगळी घेऊन सगळ्या पायऱ्या चढवल्या (माझं वजन ८२ किलो, दादा!), शहाळं पाजलं आणि पैसे काही घेतले नाहीत.

मावशी, तुमचं फडकं धुऊन ठेवलंय. पाय बरा झाला की आणून देतो, ओहोटी बघून.